गुरुवारचं सूप

गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप.
कुओपियोत सगळीकडेच असतं, शाळेत, छावणीत,
आणि इथे, तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात,
जिथून कुणाचं ताट कसं परत येतं
हे सगळ्यांत आधी मला कळतं.
भांडी मी घासते.

आह्तीचा वाडगा मी लांबून ओळखायचे.
कडेला वाटाण्याची सालं,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी, ओळीत.
एवढ्या मेहनतीपेक्षा खाणं सोपं,
मी मार्केत्ता नर्सला म्हटलं होतं.
ती म्हणाली, "त्याला नाही."

तो स्कीवरून उडायचा.
पुईयो टेकडीच्या उतारावरून सुटायचा,
जितका हलका तितका लांब.
प्रशिक्षकाची थाप हाडांवर वाजायची,
त्याला तो आवाजच शाबासकी वाटायचा.

मार्चमध्ये गालांवर जरा रंग आला.
माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं,
"छान दिसतोस हं आता."
तीन दिवस वाडगा जसाच्या तसा,
वर साय धरलेला.
मार्केत्ता रागावली नाही.
"छान म्हटलं की त्याला जाड ऐकू येतं," म्हणाली,
"आत कुणीतरी बसलंय, ते भाषांतर करतं."

मग मी तळ्यावरच्या बर्फाचं बोलायला लागले.
माझ्या मांजरीचं, जी कुणाचंच ऐकत नाही.

एका संध्याकाळी ट्रे घेऊन तो स्वतः आला,
दारातच थांबला.
"बरा झालो तर मी कोण असेन?
वारा मला ओळखायचा."
मला काय कळतंय त्यातलं. पातेलं घासत राहिले.
मग विचारलं,
"आणि खाली उतरायचे गुण नसतात का रे?"
बराच वेळ नळाचंच पाणी बोलत होतं.
"असतात," तो म्हणाला.
"गुडघा वाकवायचा. हात पसरायचे.
पंच तेही बघतात."

पुढच्या गुरुवारी खिडकीशी येऊन:
"मोहरीची चटणी आहे?"

इतकंच.
वर्षभर ज्याला काही नको होतं
त्याला काहीतरी हवं होतं.
मी तीन कपाटं उघडली,
बरणी पहिल्यातच होती.

त्यानंतरच्या गुरुवारी सालं पुन्हा कडेला.
पण ओळ मोडलेली, एखाददुसरं कमी.
मोजायचं नाही असं ठरवलंय मी,
तरी डोळा जातो.

बरणी आता खिडकीतच असते.
झाकण तो नीट लावत नाही.
मी त्याला ते सांगत नाही.