बरण्या

मेयबोदच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि वाळवंट लगेच सुरू होत नाही,
जमीन नुसतीच थोडी घुटमळते,
तिथे नवी मशीद बांधायची ठरली.

फरांगीसने नकाशा उलगडला.
घुमट नाही.
वडीलधाऱ्यांनी कागद उलटा करून मागेही पाहिलं.
तिकडेही नाही.

ती म्हणाली, घुमट करतो काय?
सावली, गारवा,
आणि आवाज धरून ठेवतो.
सावली भिंत देईल : एक वीट आत, एक बाहेर,
स्वतःची सावली स्वतःच पांघरेल.
गारव्यासाठी अठरा पायऱ्या खाली उतरा,
तुमचे आजे पाण्याच्या टाक्यात उतरायचे तसे.
आणि आवाज…
इथे ती थांबली. तिचा लॅपटॉपही थांबला.

उस्ताद हैबत तोवर गप्प होता.
त्याने पोकळ मूठ तोंडाशी धरली,
आत हुंकार सोडला, कान देऊन ऐकला.
म्हणाला, "बरण्या आणा. रिकाम्या."

घराघरांतून आल्या :
कान तुटलेल्या, भट्टीत तोंड वाकडं झालेल्या,
सात-सात वर्षं लसणाचं लोणचं मुरवून थकलेल्या.
आमच्या बेमानीने, म्हणजे आईने, दिली
तेव्हा तळाशी बोटभर शिरका होता.
"राहू दे. देवाला काय आंबट वर्ज्य आहे?"

जाळीच्या विटांमागे मी त्या आडव्या बसवल्या,
तोंडं आत. एकूण एकशे बारा.
उरलासुरला शिरका विटा प्यायल्या.
आईची बरणी कौकबच्या बरणीला लागून आली.
दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या;
कारण एक कोंबडी होती, ती कधीच मेली.
हे मला बसवताना ठाऊक नव्हतं,
असं मी म्हणणार नाही.

पहिली नमाज दुपारची. भोंगा नाही.
नूरबख्शचा गळा भट्टीच्या धुराने खरवडलेला,
शेजारच्याला हाक पोचेल तर शपथ.
त्याने बांग दिली.
भिंतीने ती गिळली, क्षणभर तोंडात घोळवली,
आणि परत दिली तेव्हा तिला पोट आलेलं होतं.
शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या सैफुल्लाने मान वर केली.

मागाहून मासिकाचा माणूस आला, भिंतीचे फोटो काढून गेला.
फोटो छान आलेत. त्यात बरण्या नाहीत.
आणि तेही नाही, जे त्या दुपारी झालं :
ऊन चढलं, विटा तापल्या,
आणि सजद्यात वाकलेल्या सगळ्यांच्या नाकात
हळूहळू शिरलं लोणचं.

नमाज संपली. बायकांच्या बाजूला
कौकब उठली नाही. भिंतीकडे बघत,
कोणालाच नाही अशी म्हणाली,
"हा वास तुझा, की माझा?"

आईने चादर सावरली. पुन्हा सावरली.
मग थोडी सरकून जागा केली.
"लांबून काय कळणार," म्हणाली,
"इकडे येऊन नीट हुंग."