रकाना

मार्चला फाउंड्री सुटणार.
उद्यमबागेच्या खिडकीवर विचारलं,
पगारातून कापलेला दवाखाना पुढं चालतो काय?
'चालतो की मामा. वर्षाचे पैसे भरा. हा अर्ज.'

अर्ज कानडीत.

येळ्ळूरचा भरमाण्णा म्हणतो, त्यापेक्षा राज्याचं कार्ड बरं.
व्याही म्हणतात, सीमेवरच्यांना महाराष्ट्राचंही मिळतं,
दाखला आण फक्त, तू कुठला त्याचा.
त्याच दाखल्यासाठी मोर्चात गेलो होतो,
डावा गुडघा तेव्हापासून कुरकुरतो.

हिरेमठबाईंनी काचेखालून बोट सरकवलं:
'इल्ली हेंडतीय हेसरु बरीरी.'
हेंडती म्हणजे बायको. एवढं येतं.
लिहिलं, मल्लव्वा.

'वयस्सु?'

तेही कळलं.
छत्तीस वर्षांच्या संसारानंतर
पेन हवेतच राहिलं.