आसनांचा तक्ता

चोडणची फेरीबोट, सकाळी सातची.
खलाशी गाड्या चढवताना ओरडतो,
"मात्शें दाव्यान, मात्शें... पुरो!"
दोन टेम्पो एका बाजूला आले
की लोखंड कण्हतं
आणि पाणी एका काठाने वर सरकतं.
मी कठड्याला टेकून बघते रोज.
माझंही काम हेच,
फक्त पर्वरीला, कागदावर.

सभागृहाचा नकाशा माझ्या ताब्यात असतो.
चाळीस चौकोन, चाळीस नावं, पेन्सिलीने.
रुजू झाले तेव्हा कुंडईकर बाई म्हणाल्या होत्या,
खोडरबर स्वतःचा आण, सरकारी पुरायचा नाही.
एका पावसाळी अधिवेशनात
एवढी माणसं डावीकडून उजवीकडे गेली
की कागदच फाटला तेवढ्या जागी.
मागून चिकटपट्टी लावली.
अजून आहे.

आज राज्यसभेचं मतदान.
दिल्लीच्या त्या मोठ्या फणसात
आमचा एकच गरा.
समितीच्या दालनात पडदा, पडद्याआड टेबल,
टेबलावर आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन.
दुसऱ्या कशाने लिहिलं तर मत बाद.
साहेब म्हणाले, सुतळीने बांधा, कुणी नेईल.
शिपाई जयवंत पुटपुटला,
इथे माणसं नेतात, पेनाचं काय घेऊन बसलात.

काणकोणच्या रिसॉर्टातून बस आली.
तीन दिवस एकत्र ठेवलेले,
सगळ्यांच्या नाकांची सालं निघालेली.
मागोमाग दुसरी बस, दुसऱ्या पक्षाची.
त्यांचीही तशीच.

नावासमोर एकचा आकडा घालायचा,
घडी करायची,
आणि पेटीत टाकण्याआधी
आपल्या पक्षाच्या माणसाला उघडून दाखवायची.
मला आई आठवली.
बाबा दर निवडणुकीला विचारायचे, कोणाला दिलंस?
ती भाकरी थापत म्हणायची, "सांतेरीक खबर."
गेली, तरी सांगितलं नाही.

शांबा मास्तर शेवटून दुसरे.
चौथीत मला भूमिती त्यांनी शिकवली.
खाडाखोड दिसली की अर्धा मार्क कापायचे,
उत्तर बरोबर असलं तरी.
पडद्याआड चार मिनिटं होते.
बाहेर आले, कागद उघडून धरला.
मला कागद दिसला नाही,
फेलिसियान एजंटाचा चेहरा दिसला.
काही बोलायला तोंड उघडलं त्याने,
तोवर पेटीत गेला होता.

बावीस. सतरा. एक बाद.
बाद मतावर एकचा आकडा नव्हता.
बरोबरची खूण होती, वहीत करतात तशी,
शेपूट लांब ओढलेली.
तीस वर्षं वह्या तपासलेला हात,
सवयीने गेला असेल, एक म्हणाला.
मुद्दाम, दुसरा म्हणाला.
मी चहाचे कप गोळा करत राहिले.
मास्तर चुकून काही करतात
हे मी कधी पाहिलं नाही.
पण ते सत्तरीचे आहेत, हेही खरं.

टीव्हीवर अर्धवर्तुळ लागलं होतं,
ठिपक्यांचं.
एक ठिपका रंग बदलून दुसऱ्या रंगाला चिकटला.
निवेदक म्हणाला, वरच्या सभागृहात आता आकडा असा.
त्या ठिपक्यात आमचं पर्वरी, ती सुतळी,
ते सोललेलं नाक, सगळं मावलं.
कसं मावलं कोण जाणे.

सहा वाजता साहेबांचा निरोप,
तक्ता काढा, उद्या दोन नावं हलतील.
आणि मास्तरांचं?
त्यांचं बघू, म्हणाले. पेन्सिलीनेच आहे ना?

संध्याकाळची फेरीबोट अर्धी रिकामी.
मास्तर गाडीतून उतरून
पलीकडच्या कठड्याशी एकटे उभे.
अंगठा जांभळा.
खलाशी सवयीने ओरडला,
"मास्तर, मात्शे हेवटेन यात!"
"हांव हांगाच बरो," ते म्हणाले,
नदीकडे बघत.

एका माणसाने बोट कलत नाही.
तरी मी कठडा धरला.