मागची काच

आधी काळी होती, मग जांभळी झाली,
मग तिला फोड आले.
चौदा उन्हाळे काढले तिने, एर्मोसियोचे उन्हाळे,
जिथे ऑगस्टात गाडीची कडी फडक्याने धरायची असते.

बाबांना आता संध्याकाळी सातनंतर
सायकलवाला झाडासारखा दिसतो
आणि झाड पोलिसासारखं.
त्यांच्या मोतीबिंदूला डॉक्टरांनी डिसेंबर दिलाय.
मी म्हटलं, तोवर काचांचा तरी काढू.

कृती रेमिखियोने कुंपणावरून सांगितली:
कचऱ्याची काळी पिशवी काचेच्या मापाने काप,
साबणाच्या पाण्याने बाहेरून चिकटव,
आतून अमोनिया मार, त्याच्यावर दुसरी पिशवी,
नाक बांध, आणि गाडी उन्हात सोडून दे.
ऊन आपल्याकडे फुकट आहे, म्हणाला,
जणू त्याच्याच घरून येतं.

बाजूच्या चार काचा मुकाट्याने आल्या,
दुधावरची साय निघावी तशा, एका ओढीत.
मागचीने मात्र छळलं.
वरचा पापुद्रा हातात आला,
गोंद काचेलाच धरून बसला, गुळाच्या काकवीसारखा,
आणि त्याच्याखाली त्या बारीक तांबूस रेघा.

"रेघा जपून!" मेस्कीटच्या सावलीतून बाबा.
उलट्या बादलीवर बसलेले, हातात काही नाही, तोंडात सगळं.
"पातं आडवं धर. रेघेच्या अंगाने चाल.
एक तुटली की थंडीत तेवढी काच धुकट राहणार."

थंडीत. एर्मोसियोत.
ते बटण कुणी दाबलेलं मला तरी आठवत नाही.
तरी मी पातं आडवंच धरलं.

खाली, उजव्या कोपऱ्यात, गोंदात,
एक अंगठा.
अख्खा. पाण्यात खडा पडल्यावर
वलयं तिथेच थिजावीत तसा.

निकानोरचा.
सोळाचा होता, फिल्म लावायच्या दुकानात
आठच दिवस काम केलेला,
आणि आमच्या गाडीवर त्याने हात साफ करून घेतला.
फुगे तेव्हाच होते.
बाबा म्हणाले होते, राहू दे, बसतील हळूहळू.
फुगे बसले नाहीत.
तोही कुठे बसला नाही:
नोगालेस, टूसॉन, फिनिक्स,
आता रविवारी फोनवर अर्धा तास,
त्यातला निम्मा हवामानाचा.

मी पातं खाली ठेवलं. हात धुतले.
पाणी प्यायले, परत धुतले.

तेवढ्यात बाबा उठून आले.
डोळ्यांवर विश्वास नाही, म्हणून तळव्याने काच वाचत गेले
वरून खाली, म्हशीची पाठ चाचपावी तसे,
आणि कोपऱ्यात थांबले.
"इथे राहिलंय बघ, चिकट."
बोट अमोनियात बुडवलं,
आणि स्वतःच्या अंगठ्याने,
गोल गोल,
घासून काढलं.
"हं. झालं."

मी काही बोलले नाही.
निकानोरला सांगितलं तर म्हणेल, कुठला अंगठा?

सहा वाजता गाडी बाहेर काढली, मी चालवायला,
बाबा शेजारी, काच वर.
ब्रेडच्या दुकानाशी त्यांनी हात हलवला.
पंक्चरवाल्याला. चर्चच्या पायरीवरच्या दोघींना.
दोन्या एदुविखेस झाडू टाकून बघत राहिल्या,
मग त्यांनीही हात केला, सावकाश,
कुणी तरी परगावाहून आल्यावर करतात तसा.

"आज काय झालंय सगळ्यांना?" बाबा म्हणाले.
"चौदा वर्षं हात करतोय मी.
एकाने कधी उत्तर दिलं नाही.
मला वाटायचं, मीच काही तरी बोलून बसलोय."

मला हसू आलं, आणि वळण चुकलं.
उन्हाने माझा डावा दंड भाजत होता.
मागच्या काचेत आमच्यामागे धूळ होती,
धुळीत एक कुत्रा,
आणि त्याच्यावरून आडव्या, एकही न तुटलेल्या,
बारा रेघा.