हातचा

ब्रनोला जानेवारीत चारलाच अंधारतं.
तळघरात झ्दिस्लावा
मोज्यांवर मोजे चढवून
आकड्यांची वही उघडते.

पात्र वीतभर रुंद, तितकंच उंच.
तळ कोमट, झाकण गार.
(कोमट म्हणजे पाच केल्विन.
शब्द आम्ही घरचेच वापरतो.)
आत हेलियम :
तळाशी तापतो, हलका होऊन वर जातो,
निवतो, जडावतो, परत येतो.
रहाटासारखा म्हणावं, तर
इथे रहाट आणि पाणी एकच.

भिंत पोलादाची, अर्ध्या मिलिमीटरची.
तिच्यातूनही थोडी ऊब वर झिरपणारच,
म्हणून आधी पात्र रिकामं ठेवून
भिंतीची एकटीची ऊब मोजली,
एकूण उबेतून वजा केली.
तिसरीतल्या पोरालाही जमेल.

तीन वर्षं ही वजाबाकी चुकत होती.

कारण रिकाम्या पात्रातली भिंत
पायरी-पायरीने ऊब चढवते, सगळ्या पायऱ्या सारख्या.
हेलियम भरला की तीच भिंत
तळाशी दोन्ही हातांनी ऊब उचलते
आणि वर नेण्याआधीच
शेजारून जाणाऱ्या वायूच्या खिशात सारते.
भिंतीला कान असतात, ऐकून होतो.
हात असतात हे
कुणी सांगितलं नव्हतं.

एकटं माणूस मोजून
घरातलं माणूस कळत नाही,
असं काहीतरी झ्दिस्लावा बोलली,
आणि पेन्सिल तासत बसली.

संध्याकाळी व्लास्तिमिल आला.
हे पात्र त्यानेच जोडलेलं,
निवृत्तीआधीचं शेवटचं वेल्डिंग.
खिशात अक्रोड, टोपीवर बर्फ.
कुठून तरी कानावर गेलं असावं.
दारातूनच विचारलं :
माझी भिंत गळते?

नाही, ती म्हणाली. एक थेंबही नाही.
मग?
मग तिने वही फिरवून त्याच्यापुढे धरली,
जुने आकडे, शेजारी नवे, सगळे थोडे खाली आलेले.
तो चष्म्याशिवायच बघत राहिला.

किती घेते मधल्यामध्ये?
शंभरात सहा.

म्हातारा हसला. अक्रोड फोडायला
टेबलाचा खण वापरला, नेहमीसारखा.
सहा म्हणजे काही फार नाही, म्हणाला,
उभं राहायची मजुरी आहे ती.

खणाच्या कडेला सालं अडकली.
झ्दिस्लावाने नव्या पानावर तारीख घातली,
आणि डाव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात,
हातचा सहा.