शपथेचं पान

परुळेकर वकिलांनी पुस्तक आणलं
जुन्या टॉवेलात गुंडाळून.
पाठ सुटलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
धोबीतलावच्या माझ्या गाळ्यात
उभ्या उभ्याच वाचून दाखवलं पहिलं पान:
ॲलन किनेअर्ड, वकील, एडिंबरा, सोळाशे चौऱ्याऐंशी.
खाली राजाशी इमानाची शपथ,
सही ठसठशीत.
त्याखाली, पाच वर्षांनी, दुसरी शपथ, दुसरा राजा.
सही तीच, जरा बारीक.
मग मेणबत्त्या, कोळसा, मासळीवालीची उधारी
आणि अगदी तळाशी, तिरकं:
‘हात तोच. शाई तेवढी पातळ करावी लागली.’

वकील हसले. मग हसेनासे झाले.
दोनदा नगरसेवक, दोन निशाण्यांवर;
त्यांच्या मिरवणुकीचा गुलाल
मी पायरीवरून झाडलाय दोन्ही वेळेला.
‘ह्या पानावर कोरा कागद डकवा,’ म्हणाले,
‘तसंही फाटायलाच आलंय.’

खळीत मोरचुदाची चिमूट टाकली, कीड लागू नये म्हणून.
दाभणानं नवी भोकं पाडली नाहीत,
जुन्यांतूनच दोरा ओवला.
कागद डकवला, सांगितल्याप्रमाणे.

खळ फक्त कोपऱ्यांना लावली.