नववा फोटो

सहा वाजून दहा मिनिटांनी प्लेट पाव फेरा फिरवली.
बारा रोपं, पाच दिवसांची,
मोहरीच्या लांबच्या नात्यातली.
सगळी एकदम आडवी.

महापे एमआयडीसी, दुसरा मजला, एसी अठरावर.
शेजारच्या गाळ्याला मुजिबूर परांची बांधतोय,
बांबू उभे लावून झालेत, आडवे राहिलेत.

मुळाच्या टोकाला टोपी असते, टोपीत पिठाचे कण.
आधी ते घसरतात.
खाली म्हणजे कुठे, हे मुळाला पिठाकडून कळतं.
मग ऑक्सिन निघतं पेशीपेशीच्या दारातून,
खालच्या अंगाला जास्त,
बांध फोडून पाणी एका खाचरात सोडावं तसं.

मी बघते ते फक्त हिरवं.
जेलीफिशकडून उसना आणलेला उजेड
पेशीच्या सांगाड्याला लावलाय.
पिंपाला असतात तशी आडवी कडी, पण आतून,
आणि केसाहून कितीतरी बारीक.
आजा कणग्याला दोर आवळायचा.
पोट सुटू दिलं नाही की भात वर चढतो, म्हणायचा.
कडी आडवी तोवर मूळ लांब.

ऑक्सिन पोचलं की खालच्या बाजूची कडी
तिरपी होतात, मग उभी.
तिथली वाढ थांबते, वरची चालू राहते
आणि मूळ वळतं.
कोणी ओढत नाही त्याला.

साडेतीन वर्षं माझा एकच प्रश्न:
आधी वाढ थांबते, की आधी कडी फिरतात?

सातवा फोटो: आडवी.
आठवा: आडवी. वाढ जरा मंद,
की मला तसं हवंय म्हणून?
नवव्याला लाइट गेली.
यूपीएसने कॉम्प्युटर धरला, लेसर नाही धरला.

अंधारात बाबाचा फोन. जेवलीस का गो?
मूळ वळतंय, म्हटलं, आणि मला दिसत नाहीये.
"कोन ढकलतंय त्याला?"
कोणी नाही.
"मंग वाकरा कसा झाला गो?"

मी विचारलं, बाबा, खारीवरचं शेत गेलं तेव्हा
तू आधी नांगर ठेवलास
की आधी सिडकोची नोटीस आली?

बराच वेळ नुसता शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू आला.
"उधान होता त्या दिसाला," म्हणाला.
"बांध फुटलेला. आमी समदी बांधावं गेल्तो."

लाइट आली. लेसर तापायला वीस मिनिटं.
तोवर झालेलं होतं सगळं,
कडी उभी, वाढ थांबलेली,
दोघं एकमेकांकडे बोट दाखवत.

अकरा मुळं खाली वळली.
पाचव्याच्या दाराला ऑक्सिनची हाक ऐकू येत नाही,
मुद्दाम तसंच बनवलेलं बियाणं.
ते आडवंच निघालंय, घणसोलीच्या बाजूला.

वहीत लिहिलं:
फोटो नऊ नाही.